पलंगाखालचं पाणी आणि सुटकेसमधलं खाणं

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की पूर असो, वादळ असो, भूकंप असो नाहीतर चार दिवस गेलेली लाईट, घरात निदान तीन दिवसांचं पाणी आणि खाणं असलंच पाहिजे. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सूर बहुतेकांचा एकच, "ताई, सांगायला काय जातंय, ठेवायचं कुठे?" खरंय. मी स्वतः दीड खोलीत राहते, त्यामुळे "स्टोअररूमची एक भिंत मोकळी करा" टाईपचे सल्ले वाचले की माझंही डोकं फिरतं. स्टोअररूम असती तर प्रश्नच कशाला पडला असता!

प्रश्न : आम्ही चौघं, दोन खोल्या, कपाट उघडलं की काहीतरी अंगावर पडतंच. तीन दिवसांचं पाणी म्हणजे नक्की किती लिटर? आणि मिस्टर म्हणतात वर टाकी आहे की, वेगळं कशाला साठवायचं.

उत्तर : टाकीचं आधी बघू. टाकीत पाणी चढतं पंपाने आणि पंप चालतो विजेवर. लाईट गेली की टाकीत आहे तेवढंच पाणी, आणि ज्या क्षणी बातमी कळते त्या क्षणी अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन नळाखाली उभी राहते, तासाभरात टाकीचा तळ दिसतो. पूर आला आणि खालच्या टाकीत घाण पाणी शिरलं तर मग ते असूनही उपयोग नाही. त्यामुळे मिस्टरांना म्हणावं टाकी आहे ते छानच आहे, पण ती आपल्या एकट्याची नाही.

आता हिशोब. माणशी दिवसाला ४ लिटर धरा, त्यात पिणं, थोडंफार शिजवणं आणि हाततोंड धुणं येतं. आंघोळ नाही, कपडे नाहीत, फ्लश नाही. चौघांचे तीन दिवस म्हणजे ४८ लिटर. आकडा ऐकून घाबरू नका, मी पण घाबरले होते, मग टेप घेऊन पलंगाखाली शिरले. साधा सिंगल पलंग १९० सेंटिमीटर लांब, ९० रुंद, खाली २० सेंटिमीटर जागा, म्हणजे ३४२ लिटरची पोकळी झाली! तुमचं ४८ लिटर पाणी त्याच्या सातव्या हिश्श्यात बसतं. बाकीच्या सहा हिश्श्यांत जुन्या चपला, न वापरलेला मिक्सर आणि कुणाची तरी फुटकी बॅट आहे, ती काढा.

फक्त कॅन चौकोनी घ्या. गोल बाटल्या शेजारी शेजारी लावल्या की मधल्या फटींत जवळजवळ पाचवा हिस्सा जागा फुकट जाते, मोठ्या घरात ते चालून जातं, आपल्याकडे नाही. आणि २० लिटरच्या एका कॅनपेक्षा ५ लिटरचे चार बरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तो वीसचा कॅन पलंगाखालून ओढताना कंबर धरते आणि एकदा उघडला की सगळं पाणी उघडं पडतं. लहान कॅन गळला तर नुकसानही तेवढंच. याच कारणासाठी पाणी माळ्यावर ठेवू नका, भूकंपात डोक्यावर पडेल ते वेगळंच. जड ते खाली, हलकं ते वर.

माझी चूक सांगून ठेवते. पहिल्या वेळी मी कॅन आडवे सरकवले होते कारण उभे बसत नव्हते. झाकण घट्टच होतं, निदान मला तसं वाटत होतं. तीन आठवड्यांनी फरशी पुसताना पोछा न बुडवताच ओला, बघते तर पलंगाखालच्या पुस्तकांच्या खोक्याचा तळ लगदा झालेला. तेव्हापासून नियम केलाय, आधी पलंगाखालची उंची मोजायची आणि मगच उभा बसेल असा कॅन आणायचा. नवीन कॅन भरून एक रात्र वर्तमानपत्रावर आडवा ठेवायचा, सकाळी कागद कोरडा असेल तरच तो आत जातो, आणि आत उभाच जातो.

प्रश्न : मी गेल्या वर्षी रिकाम्या बाटल्यांमध्ये पाणी भरून ठेवलं होतं, परवा उघडलं तर कसलातरी वास. पाणी खराब होतं का? दर आठवड्याला बदलायचं म्हटलं तर माझ्याच्याने होणार नाही.

उत्तर : पाणी स्वतः नासत नाही हो, नासते ती बाटली. म्हणजे बाटलीत आधी जे होतं त्याचा अंश. दुधाच्या आणि फळांच्या रसाच्या बाटल्या कितीही घासल्या तरी आत काहीतरी चिकटून राहतं आणि त्यावर जंतू पोसले जातात, त्या वापरूच नका. सॉफ्ट ड्रिंकच्या चालतात. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा, १, २ किंवा ५ असेल तर ठीक, पण आकडा बरोबर असला तरी आत आधी फिनाईल, अ‍ॅसिड, औषध असलं काही भरलेलं असेल तर ती बाटली बाद. यात भावनेला जागा नाही.

धुवायची पद्धत : भांडी घासायच्या साबणाने धुवा, खळखळून घ्या, मग लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा सुगंध न घातलेलं ब्लीच (कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं पातळ द्रावण) टाकून ते बाटलीत सगळीकडे फिरेल असं हलवा, अर्धा मिनिट थांबा, ओतून टाका, परत स्वच्छ पाण्याने धुवा. झाकण विसरू नका, वास बहुतेक वेळा झाकणातच असतो. मग भरा, तारीख लिहा आणि अंधारात ठेवा, उजेडात हिरवा थर धरतो. रॉकेल, पेट्रोल, रंग, थिनर यांच्या शेजारी तर अजिबात नको, त्यांची वाफ प्लास्टिकमधून आत शिरते, झाकण कितीही घट्ट असो.

नळाला क्लोरीनचं शुद्ध केलेलं पाणी येत असेल तर भरताना वरून काही टाकायची गरज नाही. बदलायचं सहा महिन्यांनी. मी दोन तारखा धरल्यात, एक माझा वाढदिवस आणि दुसरी बरोबर त्याच्या सहा महिने पुढे, त्या दिवशी जुनं पाणी फरशी आणि कुंड्यांना जातं, एक थेंब वाया नाही. विकतच्या सीलबंद बाटल्या असतील तर त्यावरची तारीख पाळा. साठवलेलं पाणी प्यायला बेचव लागतं ते हवा निघून गेल्यामुळे, दोन ग्लासांत चारपाच वेळा वरखाली ओता, चव परत येते.

आणि ऐन वेळी पाण्याबद्दल शंका आली तर उकळा. नुसतं कोमट नाही, खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट, तुम्ही २,००० मीटरच्या वर डोंगरात राहत असाल तर ३ मिनिटं. उकळायची सोय नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचं साधं ब्लीच, लिटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटं झाकून ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ फडक्यातून गाळा आणि ४ थेंब टाका. अर्ध्या तासाने क्लोरीनचा अगदी हलका वास यायला हवा, नाही आला तर तेवढेच थेंब परत टाकून १५ मिनिटं थांबा. ब्लीच सुगंधी नको, रंगीत कपड्यांसाठीचं नको, लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका, आणि ड्रॉपर नसेल तर अंदाजाने "थोडंसं" ओतू नका. हे सगळं जंतूंसाठी झालं. पाण्यात पेट्रोल, कीटकनाशक, कारखान्याचं काही मिसळलं असेल तर उकळून काय नि ब्लीच टाकून काय, ते पाणी पिण्याचं राहिलेलंच नाही. भिंतीवरचा विजेवरचा प्युरिफायर लाईट गेली की शोभेचा डबा, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : आपत्कालीन खाण्याचे तयार किट मिळतात ते घ्यावेत का? २५ वर्षं टिकतात म्हणे.

उत्तर : घ्यायचे तर घ्या, पण मी घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. २५ वर्षं टिकणारं खाणं म्हणजे २५ वर्षं कुणी न उघडलेलं खाणं. त्यातलं बरंचसं वाळवलेलं असतं, ते फुलवायला पाणी लागतं, आणि तुमच्या घरातलं पोर ते तोंडात तरी घेईल का हे तुम्हाला पहिल्यांदा संकटातच कळणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हिशोब करून बघा ना. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २,१०० कॅलरी धरतात. ४०० ग्रॅम तांदूळ किंवा पीठ, १०० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तेल, २५ ग्रॅम साखर, झाल्या २,१०० च्या आसपास. चौघांचे तीन दिवस म्हणजे पाच किलोच्या आत धान्य, सव्वा किलो डाळ, अर्धा लिटरच्या आत तेल. आता स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडा. आहे की नाही एवढं? महिन्याचं सामान भरणाऱ्या घरात हे असतंच, फक्त महिनाअखेरीला नसतं. म्हणून वेगळा साठा वगैरे मनातून काढून टाका आणि एवढंच करा की जे रोज लागतं त्याचा एक पुडा जास्तीचा ठेवायचा. नवीन आणला की मागे, जुना पुढे, वापरायचा पुढचा. पुढचा संपला की मागचा पुढे येतो आणि त्याच दिवशी यादीत एक पुडा लिहायचा, "संपल्यावर आणू" असं नाही. साठा आपोआप ताजा राहतो, एक्स्पायरी तपासायची वही लागत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. धान्य आहे पण गॅस नाही, पाणी मोजून आहे, घरात चिखल आहे, अशा वेळी भात कोण टाकणार? तांदळाला दुप्पट पाणी लागतं, नूडल्सलाही लागतंच. तेव्हा पहिल्या दिवसाचं खाणं न शिजवता, न धुता, पाकिटातून तोंडात असं हवं. शेंगदाणे, बिस्किटं, सुकामेवा, खजूर, पीनट बटर, पत्र्याच्या सीलबंद डब्यातले शिजवलेले राजमा किंवा छोले, तशाच डब्यातली फळं (यातलं पाणीही पोटात जातं, तो बोनस). खारवलेलं, तिखट कमी ठेवा, तहान वाढते आणि तहान म्हणजे परत पाणी. या एका दिवसाच्या खाण्यासाठी मात्र वेगळी जागा करा. माझी जागा म्हणजे माळ्यावरची रिकामी सुटकेस. वर्षातले ११ महिने ती हवा साठवून बसलेली असते, म्हटलं थोडं काम कर. पळावं लागलं तर हँडल धरून निघता येतं, तो फायदा मला नंतर सुचला.

यातही मी तोंडघशी पडलेय. सुटकेसमध्ये ठेवलेले शेंगदाणे दीड वर्ष विसरले, उघडले तर खवट, असे खवट की सुटकेसच्या अस्तराला आठवडाभर तो वास. ज्यात तेल आहे ते खवटणारच. दाणे, सुकामेवा, ब्राऊन राईस, कोंड्यासकट दळलेलं पीठ हे सगळं काही महिन्यांचं सोबती. पांढरा तांदूळ, डाळ, साखर, मीठ हे दमाचे. मीठ आणि साखर कोरडी राहिली तर त्यांना मरणच नाही. आणि कपडे धुवायच्या पावडरीशेजारी तांदूळ ठेवू नका. भाताला साबणाचा वास आला तर कितीही धुवा, जात नाही.

प्रश्न : जास्तीचं धान्य ठेवलं की किडे होतात, जाळी धरते. काय करू? ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या टाकू का?

उत्तर : किडे बाहेरून चालत येतात असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा अंडी दुकानातूनच धान्याबरोबर आलेली असतात. फ्रीझर उणे १८ डिग्रीला असेल तर धान्याची पिशवी घट्ट बांधून चार दिवस आत ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका हां, पूर्ण नॉर्मल होऊ द्या, नाहीतर गार धान्यावर दव धरतं आणि किडे गेले पण बुरशी आली असं होतं. लहान फ्रीझरमध्ये किलो किलोने करा, घाई नाही. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि एका मोठ्या डब्यापेक्षा तीन छोटे, म्हणजे एकात लागलं तरी दोन वाचतील.

त्या पुड्या फक्त पूर्ण कोरड्या आणि बिनतेलाच्या वस्तूंसाठी, हवा न जाणाऱ्या पिशवीत. साखरेत टाकाल तर साखरेची वीट होईल. आणि ओलसर पदार्थात तर चुकूनही नको, ऑक्सिजन नसलेल्या ओलसर जागी बोटुलिझमचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष जीवघेणं असतं. वर्षभरात संपवणार असाल तर या भानगडीत पडूच नका असं माझं मत.

प्रश्न : लाईट गेल्यावर फ्रीजमधलं किती वेळ चालतं?

उत्तर : दार उघडलं नाही तर फ्रीज ४ तास. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. म्हणून फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा, गारवा टिकतो आणि वितळल्या की पिता येतात, फक्त गळ्यापर्यंत भरू नका, बर्फ होताना पाणी फुगतं. संकटात आधी फ्रीजमधलं खा, मग फ्रीझरमधलं आणि शेवटी डबे. वास आला नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं, चव घेऊन तर बघूच नका.

प्रश्न : घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि सासूबाईंना दात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काय?

उत्तर : बाळ अंगावर पीत असेल तर साठ्यातलं पहिलं पाणी आईचं, बाकीच्यांचं नंतर, हे घरात आधीच सांगून ठेवा. वरचं दूध असेल तर शक्यतो तयार, पातळ, सीलबंद घ्या. पावडर असेल तर ती कालवायला पाणी उकळून घ्यावं लागतं आणि ते ७० डिग्रीच्या खाली जायच्या आत कालवायचं असतं (मग गार करून पाजायचं), म्हणजे पाणी आणि इंधन दोन्ही जास्तीचं धरा. बाटली उकळायला पाणी जातं ते वेगळं, त्यापेक्षा वाटीचमचा धुवायला सोपा. आठ महिन्यांचं बाळ वरचं मऊ खात असेल तर तेही ठेवा, मात्र मध एक वर्षाच्या आत नको, संकटात तर नकोच.

सासूबाईंसाठी मऊ पडणारं, दुधात किंवा पाण्यात कालवता येणारं. आणि त्यांची औषधं निदान आठवड्याची जास्तीची, चिठ्ठीच्या फोटोकॉपीसकट. त्या काय खाऊ शकतात ते त्यांनाच विचारा, मी माझ्या आईसाठी परस्पर ठरवून सूपची पाकिटं आणली होती, ती म्हणाली, "हे मी बरी असताना खात नाही."

दोघांसाठीही जुलाबाची तयारी ठेवा. ओआरएसची पाकिटं उत्तम. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, मीठ जास्त झालं तर बाळाला त्रास होतो. आणि बाळाला जुलाब सुरू झाले तर ओआरएस पाजत पाजत डॉक्टर गाठा.

प्रश्न : डब्याला पोचा आला असेल तर टाकायचा का?

उत्तर : बारीक पोचा, तोही मधल्या भागात, चालतो. कडेच्या जोडावर खोल पोचा, गंज, गळती नाहीतर फुगलेलं झाकण असेल तर टाका, आणि उघडून खात्री करत बसू नका. टोमॅटो, फळं अशा आंबट गोष्टी वर्ष दीड वर्षात संपवा, बाकीचे डबे दोन ते पाच वर्षं दम धरतात.

प्रश्न : घरातले हसतात हो. "युद्ध लागणार आहे का" म्हणतात.

उत्तर : हसू दे. तुम्ही काही बोलू नका, फक्त एखाद्या दिवशी नळ कोरडा पडला की गुपचूप पलंगाखालून एक कॅन काढा आणि चहा टाका. माझ्या भावाने मला वर्षभर "बंकरताई" म्हटलं. मग त्याच्याकडची पाईपलाईन फुटली, दोन दिवस पाणी नाही, तर रात्री साडेदहाला फोन, "तुझ्याकडे किती आहे?" दोन कॅन घेऊन गेला. कॅन अजून परत आलेले नाहीत.

प्रश्न : गॅस बंद असेल तर घरात कोळशाची शेगडी पेटवली तर? खिडकी उघडी ठेवू.

उत्तर : नको. खिडकी उघडी असली तरी नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं, मळमळल्यासारखं, पेंगल्यासारखं होतं आणि छोट्या खोलीत तो फार लवकर साचतो. शेगडी पूर्ण बाहेर, उघड्यावर, दारंखिडक्यांपासून लांब. ती सोय नसेल तर न शिजवता खायचा साठा एक दिवसाऐवजी तीन दिवसांचा करा, छोट्या घराला तेच सोयीचं. छोटा कॅम्पिंग स्टोव्हही बाहेरच चालवायचा आणि त्याची नळकांडी पलंगाखाली पाण्याशेजारी ठेवायची नाहीत.

आणि हो, सुटकेसमध्ये डब्यांबरोबर हाताने चालणारा टिन ओपनर टाका. माझ्याकडे पहिलं वर्षभर नव्हता, नऊ डबे होते आणि ते उघडायला एक बोथट सुरी.